राथक्रोहन : गुरांनी आणि गोष्टींनी राखलेले टेकाड

आयर्लंडच्या पश्चिमेकडे रॉसकॉमन नावाचा परगणा आहे. त्यातल्या टल्स्क या लहानशा गावातून वायव्येकडे निघाले, की काही मिनिटांतच सपाट माथ्याचे एक गवताळ टेकाड दिसते. पायथ्याशी त्याचा व्यास सुमारे ९० मीटर, आणि उंची जेमतेम ६ मीटर. ज्याला ठाऊक नाही तो गाडीचा वेगही कमी न करता पुढे निघून जाईल, इतके ते साधे आहे. तट नाही, बुरूज नाही, एखादी पडकी भिंतसुद्धा नाही. बहुतेक वेळा माथ्यावर मेंढ्या नाहीतर गुरे चरत असतात. पण आयर्लंडच्या जुन्या हस्तलिखितांत 'क्रुअखन' या नावाने जिचे वर्णन पुन्हा पुन्हा येते, ती कॉनाख्त प्रांताची राजधानी हीच. राणी मेव्हचा वाडा इथे होता, असे परंपरा सांगते. आज या जागेला राथक्रोहन म्हणतात, आणि हे टेकाड म्हणजे सुमारे साडेसहा चौरस किलोमीटरांच्या माळावर विखुरलेल्या २४० च्या आसपास पुरातन स्थळांचे मधले ठाणे आहे.

पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात राहायला आल्यापासून या जागेने मला झपाटले आहे. सवड मिळाली की मी तिकडे जाते, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न मनात घोळत राहतो. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे मातीचे बांध, खंदकांच्या उथळ खुणा, थडग्यांचे उंचवटे हे सगळे इतके नाजूक असते, की दोन-चार वर्षे नांगर फिरला तरी नाहीसे व्हावे. मग ते इथे टिकले कसे? राजांचे राज्य गेले, वाडे गेले, आणि पुरातत्त्व खात्यासारखी व्यवस्था तर फार उशिरा आली. माझ्या मते या माळाची राखण केली ती गुरांनी आणि गोष्टींनी. या दोहोंचा इथे इतका गुंता झालेला आहे, की एकीचे बोलू लागले की दुसरीपाशी यावेच लागते.

आयर्लंडच्या प्राचीन आख्यानांपैकी सर्वांत नावाजलेले जे 'टॉइन बो कूलन्ये', ते तर मुळात गुरांच्या धाडीचे आख्यान आहे, आणि बाराव्या शतकात 'लेन्स्टरचा ग्रंथ' या हस्तलिखितात उतरवलेला त्याचा पाठ क्रुअखनच्या राजवाड्यातच, राजाराणीच्या शेजघरात सुरू होतो. राजा आयलिल सहज म्हणून जातो, की माझ्याशी लग्न झाल्यापासून तुझे बरे चालले आहे. मेव्ह ते ऐकून घेणारी नाही. माझे आधीही उत्तमच चालले होते, असे ती ठणकावते, आणि मग दोघे आपापली मालमत्ता मोजायला बसतात. भांडीकुंडी, कपडे, दागिने, मेंढ्या, घोडे, डुकरे असे सगळे समोर आणून ताडून पाहिले जाते आणि सगळे तंतोतंत बरोबरीचे निघते. फरक पडतो तो एका वळूने. पांढऱ्या शिंगांचा एक देखणा वळू आयलिलच्या खिल्लारात असतो. तो जन्मला होता मेव्हच्याच एका गाईच्या पोटी, पण बाईच्या मालकीत राहणे त्याला कमीपणाचे वाटले, म्हणून तो राजाच्या गुरांत जाऊन मिसळला. मेव्हला ही गोष्ट इतकी लागते, की त्या वळूच्या तोडीचा दुसरा वळू मिळवण्यासाठी ती बेटाच्या पार पूर्व किनाऱ्यावर, कूलन्येला, म्हणजे आजच्या कूली द्वीपकल्पात, माणसे धाडते. तिथला तपकिरी वळू एका वर्षासाठी मागितला जातो, मालक कबूलही होतो. पण दारू चढलेला एक दूत बोलून जातो, की दिला नसता तर आम्ही हिसकावून नेलाच असता. बोलणी फिसकटतात आणि युद्ध पेटते. कूलन्ये ज्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात येते, तिथले सगळे योद्धे एका जुन्या शापाने गळून पडलेले असतात, त्यामुळे कू खुलिन हा कोवळा पोरगा मेव्हच्या सैन्याला एकटा अडवून धरतो.

आपल्याकडच्या गावकुसाबाहेरच्या वीरगळांवर खालच्या पट्टीत गाई आणि वरच्या पट्टीत लढणारा वीर कोरलेला असतो. ते ज्याने पाहिले आहेत त्याला गुरांसाठी जीव देणारा आणि घेणारा हा समाज परका वाटणार नाही. पैशांची नाणी नसलेल्या त्या आयर्लंडमध्ये गाय हेच चलन होते. दंड, हुंडा, खंडणी, माणसाची प्रतिष्ठा हे सारे गाईंतच मोजले जाई. म्हणूनच मेव्ह आणि आयलिल यांचा हिशेब हा नवराबायकोतला रुसवा समजून सोडून देता येत नाही. बायकोची मालमत्ता नवऱ्याइतकी असली, तर घरात शब्द कोणाचा चालणार, हे तिथल्या जुन्या कायद्यांतही ठरवून दिलेले होते, आणि ते मेव्हला पुरते ठाऊक होते. एका वळूने तिचे पारडे वर जात होते. तिच्यावर अनेकांनी अहंकारी म्हणून ठपका ठेवला आहे. मला ती हिशेबाला पक्की आणि आपल्या अधिकाराला जपणारी राणी वाटते.

आख्यानाच्या शेवटी तपकिरी वळू क्रुअखनला आणला जातो आणि दोन्ही वळू एकमेकांना भिडतात. रात्रभर त्यांच्या डरकाळ्या सगळ्या आयर्लंडभर ऐकू येत राहतात, आणि पहाटे लोकांना दिसते ते असे, की तपकिरी वळू पांढऱ्याचे अवशेष शिंगांवर घेऊन क्रुअखनच्या बाजूने चालला आहे. घरी परतल्यावर त्याचेही काळीज फुटते. मोठ्या टेकाडापासून जवळच गोल बांधाचे एक रिंगण आहे, त्याला 'राथनादार्व्ह', म्हणजे वळूंचे रिंगण म्हणतात, आणि झुंज इथेच झाली असे गावकरी दाखवतात. मी त्या बांधावर बराच वेळ उभी राहिले आहे. आत गवत गच्च वाढलेले असते, बांधाच्या उतारावर गुरांच्या खुरांनी पायऱ्यांसारख्या पडलेल्या आडव्या वाटा दिसतात, आणि शेणाच्या पोवट्यांवर माश्या घोंघावत असतात.

या माळावरची सर्वांत विलक्षण जागा मात्र जमिनीच्या वर नाही. टेकाडाच्या नैर्ऋत्येला, एका शेतवाटेच्या कडेला, काटेरी झाडाखाली जमिनीत एक भोक आहे. ते इतके अरुंद आहे, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोल्ह्याचे बीळ वाटावे. ही 'ओवेनागॅट', म्हणजेच मांजरांची गुहा. आत शिरायचे तर पाय पुढे टाकून, बसकण मारून घसरत जावे लागते. सुरुवातीचा भाग माणसाने बांधलेल्या भुयाराचा आहे. त्याच्या छतावर आडवे दगड टाकलेले आहेत, आणि पुढे चुनखडकाची नैसर्गिक भेग लागते, जी उतरत उतरत एकूण ३७ मीटरांपर्यंत जाते. तोंडाशीच विजेरी वर धरली, तर एका आडव्या दगडाच्या कडेवर छिन्नीने ओढलेल्या बारीक रेघा दिसतात. ही ओघम लिपी. दगडाची धार हीच ओळ मानायची, आणि तिच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला किंवा आरपार एक ते पाच रेघा मारून अक्षरे उमटवायची, अशी ती व्यवस्था आहे. मूळचा हा उभा दगड. भुयार बांधणाऱ्यांनी तो उचलून छताला वापरला. त्यावरच्या रेघा वाचल्या तर अर्थ निघतो, 'मेव्हच्या मुलाचा, फ्रेखचा'. हे नाव आख्यानातल्या राणीचेच आहे असे धरून चालू नये, असे जाणकार बजावतात, आणि ते योग्यच आहे. तरीही चिखलात गुडघे रोवून, डोक्यावर गार दगडाचा भार जाणवत असताना, बोटाने त्या रेघा चाचपल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे मी लपवणार नाही.

या गुहेतून काय काय बाहेर आले म्हणून सांगावे! ज्यांच्या श्वासाने झाडाची पाने करपून जात असे पक्षी आले, जे मोजताच येत नसत असे डुकरांचे कळप आले, आणि कू खुलिनसह तिघा वीरांची परीक्षा पाहण्यासाठी तीन रानमांजरे सोडली गेली. ख्रिस्ती भिक्षूंनी या कथा लिहून घेतल्या तेव्हा गुहेला आयर्लंडचे नरकद्वार म्हटले. युद्धाची आणि मृत्यूची देवता मॉरिगन हिचे घर हेच. तीही गुरे पळवणारी आहे. ओड्रास नावाच्या बाईचे जनावर तिने या गुहेत ओढून नेले, तेव्हा ओड्रास त्याच्या मागोमाग आली, वाटेत तिला झोप लागली, आणि मॉरिगनने मंत्र म्हणून तिचे पाण्यात रूपांतर करून टाकले. जनावराच्या मागावर निघालेली बाई हाच धागा पुढच्या काळातल्या लोककथेतही आहे. गावातली एक बाई उधळलेल्या वासराचे शेपूट धरून त्याला आवरायला जाते, वासरू तिला गुहेत खेचून नेते, आणि ती बाहेर पडते ती थेट शेजारच्या स्लायगो परगण्यातल्या केशकॉरनच्या गुहांपाशी. या कथेत देवता नाही, शाप नाही, ओढाताणीला जबाबदार असलेले एक द्वाड वासरू तेवढे आहे. ज्यांची गुरे खरोखरच असल्या भेगांपाशी चरत असत, त्या लोकांनी ही गोष्ट रचली आहे, हे तिच्यातून सरळ कळते. पोरांनी गुहेच्या तोंडाशी खेळू नये आणि वासरू निसटले तरी त्याच्यामागे आंधळेपणाने धावू नये, एवढे बजावण्याचे कामही ती करत असणार.

पण मला सर्वांत जास्त जवळची वाटते ती नेराची कथा. साउइनची रात्र आहे. आयरिश वर्षातला हा हिवाळ्याचा आरंभ, ऑक्टोबरची ३१ तारीख संपून नोव्हेंबर लागण्याची संध्याकाळ. क्रुअखनच्या वाड्यात आयलिल आणि मेव्ह शेकोटीपाशी बसले आहेत, चुलीवर कढईत मांस शिजते आहे. आदल्या दिवशी दोघा बंदिवानांना फाशी दिलेले आहे. आयलिल पण लावतो, की बाहेरच्या अंधारात जाऊन त्यांच्यापैकी एकाच्या पायाभोवती जो लवचीक फांदीचे कडे अडकवून येईल, त्याला मी सोन्याच्या मुठीची तलवार देईन. एकेक जण जातो आणि घाबरून परत येतो. नेरा मात्र जातो आणि ते कडे घालतो. तेव्हा प्रेत बोलते. मला तहान लागली आहे, म्हणते. मला पाठीवर घे. नेरा त्याला पाठुंगळी घेऊन घरोघर हिंडतो. पहिल्या घराभोवती आगीचे कडे असते, दुसऱ्याभोवती पाण्याचे. तिथे शिरकाव होत नाही, कारण त्या घरांत विस्तव नीट झाकलेला असतो आणि सांडपाणी रात्री घरात साठवून ठेवलेले नसते. तिसऱ्या घरात दोन्ही गोष्टींत ढिलाई झालेली असते. तिथे प्रेत पाणी पिते आणि शेवटचा घोट घरातल्यांच्या तोंडावर थुंकते, त्यासरशी ती माणसे मरतात.

नेरा प्रेत जागेवर ठेवून परततो तो काय, क्रुअखन जळालेले आणि माणसांची मुंडकी उडवलेली. शत्रूच्या फौजेमागोमाग तो गुहेत शिरतो आणि टेकाडाखालच्या लोकांच्या, म्हणजे टेकाडांच्या पोटात राहणाऱ्या दैवतांच्या दुनियेत जाऊन पोचतो. तिथला राजा त्याला एका बाईच्या घरी ठेवतो आणि रोज सरपणाची मोळी आणायचे काम देतो. ती बाई त्याची बायको होते, आणि तीच त्याला खरे काय ते सांगते, की तू पाहिलेस ते घडलेले नाही, पुढच्या साउइनला घडणार आहे. जा, आपल्या माणसांना सावध कर, ती अजून त्याच कढईभोवती बसली आहेत. आपण तिकडून आलो हे पटावे म्हणून नेरा उन्हाळ्यातली रानलसूण, प्रिमरोझची फुले आणि सोनेरी नेचा बरोबर घेऊन जातो. बाहेर हिवाळ्याची पहिली रात्र, आणि याच्या हातात उन्हाळा. क्रुअखनचे लोक सावध होतात आणि पुढे स्वतःच त्या गुहेवर चालून जाऊन ती लुटतात. नेरा मात्र बायकोपोरांसह आतच राहतो, आणि अजून तिथेच आहे असे कथा सांगते. गुरे इथेही आहेतच. नेराच्या पोराची गाय मॉरिगन पळवते आणि कूलन्येच्या तपकिरी वळूकडून तिला फळवून आणते. त्यातून झालेला गोऱ्हा आयलिलच्या पांढऱ्या वळूशी झुंजून हरतो आणि हंबरतो. तो काय म्हणाला, असे मेव्ह विचारते. माझा बाप इथे असता तर या वळूची खैर नव्हती, असे तो म्हणाला, हे कळल्यावर ती दोन वळूंची झुंज पाहण्याचा पण करते. म्हणजे सगळ्या टॉइनची ठिणगी या गुहेतच पडली, असे या कथेचे म्हणणे.

साउइनचे आणि गुरांचे नाते कथेपुरते नाही. उन्हाळाभर लांबच्या चराऊ रानात ठेवलेली गुरे या सुमारास घराजवळ आणली जात. हिवाळ्यात पोसता येणार नाहीत एवढी निवडून कापली जात, उरलेली राखली जात. वर्षाचा हिशेब मांडण्याचा, करार नवे करण्याचा, एकत्र जेवण्याचा हा काळ. घराबाहेरचे आत येते, जगायचे कोणी आणि मरायचे कोणी हे ठरते. अशा दिवसांत जिवंत आणि मृत यांच्यामधला पडदा विरतो असे लोकांना वाटले, तर त्यात नवल नाही. आज जगभर साजऱ्या होणाऱ्या हॅलोविनचा उगम या सणात आहे, आणि राथक्रोहनचे लोक तर तो आमच्याच गुहेतून बाहेर पडला असे अभिमानाने सांगतात.

ख्रिस्ती धर्म आला तोही या माळाला वळसा घालून पुढे गेला नाही. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात टीरेखान नावाच्या बिशपने लिहिलेल्या वृत्तान्तात क्रुअखनच्या पूर्वेकडच्या झऱ्याची एक हकिकत आहे. राजा लॉयरच्या दोन मुली, एथ्ने आणि फेडेल्म, सूर्योदयाच्या वेळी झऱ्यावर तोंड धुवायला येतात, तो तिथे संत पॅट्रिक आणि त्यांचे सोबती पांढऱ्या वेशात बसलेले. मुलींना पहिल्यांदा वाटते, ही टेकाडाखालची माणसे असावीत, नाहीतर भास असावा. मग त्या प्रश्नांची सरबत्तीच करतात. तुमचा देव राहतो कुठे? त्याला मुलेमुली आहेत का? सोनेचांदी आहे का? तो दिसायला सुंदर आहे का? तो आकाशात असतो, की जमिनीत, की डोंगरदऱ्यांत? मला हे प्रश्न फार आवडतात. ज्या मुली टेकाडाच्या पोटात राहणाऱ्या दैवतांच्या शेजारी वाढल्या, त्यांनी नव्या देवाचा पत्ता आणि घरदार आधी विचारावे, हे अगदी स्वाभाविक आहे. त्या बाप्तिस्मा घेतात, देवाचे मुख पाहायची इच्छा धरतात, आणि तिथेच त्यांचा देहान्त होतो. टल्स्कजवळचा ओगुलाचा झरा तोच, अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि तिथे आजही प्रार्थनेला लोक जमतात.

राजपदाचे विधी मात्र जुन्या वळणानेच चालू राहिले. राथक्रोहनच्या दक्षिणेला काही किलोमीटरांवर कार्नफ्री नावाचा दगडमातीचा एक ठेंगणा ढिगारा आहे, आणि कॉनाख्तचे ओकॉनर राजे तिथे उभे राहून अभिषिक्त होत. १३१० साली फेलिम ओकॉनर याचा विधी झाला, त्याचे वर्णन कॉनाख्तच्या बखरीत आहे. फेलिमने कॉनाख्त प्रांताशी लग्न लावले, असे तिथे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे, आणि त्या रात्री त्याच्या पालक-पित्याने त्याची सेवा केली ती म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणीत आणि जुन्या ग्रंथांत नोंदलेल्या रीतीने. भूमी ही स्त्री आणि राजा तिचा वर, ही कल्पना तेव्हा कितीतरी शतके जुनी होती. मेव्हच्या कथांमागेही अशी एक भूमिदेवता असावी, जिच्याशी विवाह झाल्यावाचून कोणी राजा होत नाही, असे बरेच अभ्यासक मानतात. फेलिमच्या वाट्याला हा संसार थोडाच आला. सहा वर्षांनी, १३१६ साली, अथेनराईच्या लढाईत अँग्लो-नॉर्मन सरदारांविरुद्ध लढताना तो मारला गेला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

मोठ्या टेकाडाच्या पोटात काय आहे, याचा शोध कुदळ न लावता लागला, ही मला या जागेला शोभणारी गोष्ट वाटते. १९९० च्या दशकात गॉलवेच्या विद्यापीठातले जॉन वॉडेल, जो फेनविक आणि केविन बार्टन यांनी इथे भूभौतिक पाहणी सुरू केली. जुना खंदक भरून येतो तेव्हा त्यात साचलेल्या, राखेत मिसळलेल्या मातीचे चुंबकत्व आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळे असते. उपकरण घेऊन शेतात ओळीने चालत गेले, की तो फरक कागदावर उमटतो. विजेचा प्रवाह ओल्या मातीतून सहज जातो आणि पुरलेल्या दगडी भिंतीपाशी अडतो, त्यावरून भिंतीचा माग लागतो. अशा पाहणीत दिसले, की टेकाडाला मधे ठेवून ३६० मीटर व्यासाचे एक प्रचंड वर्तुळाकार आवार जमिनीखाली आहे, टेकाडाच्या आतही एकात एक अशी वर्तुळे आहेत, आणि पूर्वेकडून माथ्याकडे चढत येणारा एक रुंद मार्ग आहे. म्हणजे पुन्हा पुन्हा, पिढ्यान्‌पिढ्या, लोकांनी इथे काहीतरी भव्य उभारले, ते झाकले, आणि त्यावर नवे उभारले. राहण्याच्या वाड्यापेक्षा जत्रा, सभा आणि विधी यांसाठी एकत्र येण्याच्या जागेशी हे सारे अधिक जुळते.

कथा आणि पुरावा इथे प्रत्येक वेळी हातात हात घालून चालतात असे मुळीच नाही. जवळच दाहीचे थडगे म्हणून एक उंचवटा आहे. त्यावर तांबड्या वालुकाश्माचा उभा दगड आहे. दाही हा आयर्लंडचा शेवटचा अख्रिस्ती राजा, पाचव्या शतकात आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी वीज पडून मेला आणि त्याच्या माणसांनी देह इथवर आणला, असे परंपरा सांगते. वॉडेल यांच्या छोट्या उत्खननात मिळालेला कोळसा मात्र त्याच्याही आधीच्या शतकांतला, इसवी सनाच्या आगेमागेचा निघाला. म्हणून काही दगडाला दाहीचे नाव लावणे कोणी सोडले नाही, आणि मीही तो दगड पाहते तेव्हा मला आल्प्समधली वीज आठवतेच.

आता गुरांच्या राखणीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. रॉसकॉमनची ही सुपीक चुनखडकी जमीन नांगराखाली न जाता कुरण म्हणून राहिली, त्याला केवळ परंपरा कारण नव्हती. मांसासाठी गुरे पोसणे बड्या जमीनदारांना फायद्याचे होते, आणि भूमिहीनांना बटाटे लावायला वीतभर जमीन मिळणे दुरापास्त होते. १८४० च्या दशकात कुरणे लागवडीसाठी मोकळी करावीत म्हणून या परगण्यात गरिबांनी उठाव केले. मग बटाट्यावर करपा पडला आणि महादुष्काळ आला. १८४१ साली परगण्याची लोकसंख्या अडीच लाखांवर होती. १८५१ साली ती पावणेदोन लाखांच्याही खाली उतरली. टल्स्कच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर स्ट्रोक्सटाउन आहे. तिथल्या मेजर डेनिस महोन याच्या जमिनीवरून १८४७ साली १४९० माणसे कॅनडाला रवाना करण्यात आली. ती कालव्याकाठाने डब्लिनपर्यंत पायी चालत गेली, आणि त्यांतली कितीतरी जहाजावरच किंवा कॅनडाच्या किनाऱ्यावर उतरताच दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महोनला गोळी घालून मारण्यात आले. स्ट्रोक्सटाउनमधल्या त्याच्या वाड्याच्या आवारात आज राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे. रिकाम्या झालेल्या झोपड्या पाडल्या गेल्या आणि गवत पसरत गेले. ज्या गवताखाली मेव्हच्या राजधानीच्या खुणा शाबूत राहिल्या, त्याच गवतासाठी माणसे उठवली गेली. त्या उठावकऱ्यांना हवी होती तेवढी जमीन मिळाली असती आणि त्यापायी इथले अर्धे बांध नांगरले गेले असते, तरी मी त्यांनाच बरोबर म्हटले असते.

त्या माणसांबरोबर आयरिश भाषा गेली, आणि भाषेबरोबर गोष्टी सांगणारेही गेले. तरीही सगळे संपले नाही. १९३७ ते १९३९ या काळात सरकारने देशभरातल्या सुमारे ५००० शाळांतल्या मुलांना कामाला लावले. घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या गोष्टी, औषधे, म्हणी, विहिरींच्या आणि किल्ल्यांच्या हकिकती त्यांनी वह्यांत उतरवल्या. या संग्रहातली परगण्यापरगण्यांची पाने वाचताना एक गोष्ट सतत भेटते. कोणीतरी टेकाडाचा बांध खणला, तेव्हा त्याचा हात वाकडा झाला, किंवा गाय आटली, किंवा घरात मरण ओढवले. आयर्लंडमध्ये गोल बांधांची जवळपास ४५,००० जुनी वस्तीस्थाने नोंदलेली आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी या धाकामुळेच वाचली. याला अंधश्रद्धा म्हणून हिणवणे मला पटत नाही. ज्या गावात कायद्याचा शिपाई कधी फिरकत नव्हता, तिथे या भीतीने शेकडो वर्षे एका नियमाचे काम केले.

आज ही जमीन बहुतांशी खासगी मालकीची, शेतकऱ्यांची आहे. मोठे टेकाड आणि आणखी काही स्थळे मिळून ६० च्या आसपास राष्ट्रीय स्मारके इथे जाहीर झालेली आहेत, आणि आयर्लंडने २०२२ साली टारा, कॅशल, डून आलिन्ये आणि इश्नख या राजस्थळांसोबत राथक्रोहनचे नावही जागतिक वारशाच्या प्राथमिक यादीत पुढे केले. यादीत नाव गेले की शेतकऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती ही, की उद्या माझ्याच शेतात मला गोठा बांधता येणार नाही. ही शंका रास्तच आहे. काही वर्षांपूर्वी 'फार्मिंग राथक्रोहन' हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा म्हणूनच मला बरे वाटले. पावसाळी हिवाळ्यात जड जनावरे एकाच ठिकाणी पाण्याला आणि चाऱ्याला गोळा झाली, की बांधाचा उतार खुरांनी चिखल होऊन खचतो. तेव्हा पाण्याचे हौद स्मारकापासून दूर हलवायचे, ओल्या दिवसांत उतारावर हलकी जनावरे किंवा मेंढ्या सोडायच्या, काटेरी झुडपे उपटायची नाहीत, कारण मुळांबरोबर खालचे थर उचकटतात; ती कापायची. आणि या कामाचा मोबदला शेतकऱ्याला द्यायचा. कुरण पडीक टाकले तर झुडपे माजून बांध पोखरतात, त्यामुळे गुरे हटवून भागत नाही. किती, कोणती आणि केव्हा सोडायची हे ठरवावे लागते.

तिथल्या एका वयस्क शेतकऱ्यांशी मी कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत होते. त्यांच्या कुरणात एक लहानसा गोल बांध आहे. वडिलांनी त्याला हात लावू दिला नव्हता, म्हणाले, आणि आता सरकारही हात लावू देत नाही, तेव्हा दोघांचे एकमत झाले म्हणायचे. मग त्यांनी गुहेतल्या मांजरांविषयी मला त्यांच्या आजीकडून ऐकलेले थोडे सांगितले, तेवढ्यात त्यांचा एक गोऱ्हा तारेच्या फटीतून शेजारच्या रानात घुसला, आणि ते गोष्ट तिथेच सोडून त्याच्यामागे गेले.